आपाची ड्युटी

आमच्या घरात मोबाइलवर व्हिडिओ कॉलची रिंग वाजली की अजूनही सगळे एक क्षण आपाकडे बघतात. तिच्या लक्षात येऊ नये म्हणून लगेच नजर वळवतात. तिच्या ते लक्षात येतेच, आणि तीही कणीक मळता मळता काही झालेच नाही असे दाखवते. या रिंगविषयी मी आजवर बाहेर कोणाला सांगितले नव्हते. आता तिची परवानगी घेऊन लिहीत आहे. "लिही. पण माझे नाव नको, हॉस्पिटलचेही नको," एवढीच तिची अट.

आपा माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिने नर्सिंगचा कोर्स केला. आमच्या कोकणी मुसलमान कुटुंबातली ती पहिली नर्स. मुलीने परक्या पुरुषांच्या जखमा धुवायच्या का, असे विचारायला जमातीतले दोन बुजुर्ग घरी आले होते. अब्बांनी त्यांना चहा पाजला, खारी खायला दिली आणि परत पाठवले. पुढे त्यांपैकीच एकाला साखरेच्या आजाराने पायाला जखम झाली, तेव्हा रोज संध्याकाळी ड्रेसिंगला आपाच जायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण सेवा ही गोष्ट आपाला कधी जड गेली नव्हती. ती मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करते आणि कल्याणहून रोज जाऊन-येऊन करते. दुल्हाभाई कुवेतला. त्यामुळे ती आणि तिचा मुलगा आमच्याकडे, अम्मीजवळच राहतात.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने थाळ्या वाजवल्या, तेव्हा आपा रात्रपाळी करून झोपली होती. आवाजाने दचकून उठली आणि "आग लागली का?" म्हणून विचारू लागली. मी तिला हाताला धरून गॅलरीत नेले. म्हटले, "आपा, हे सगळे तुझ्यासाठी आहे." तिने दुपट्टा सारखा केला, खाली बघून कसनुसे हसली आणि पुन्हा जाऊन झोपली. आमच्या इमारतीतही लोकांनी मनापासून थाळ्या वाजवल्या होत्या. त्याबद्दल मला शंका नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी जिन्याच्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी काही दिवस आपली राहण्याची सोय बाहेर करावी, अशी नम्र विनंती. उर्दूत आणि मराठीत, दोन्हींत होती. इमारतीत निम्म्याहून अधिक घरे आमच्याच लोकांची. खाली नाव कोणाचे नव्हते, पण उर्दू अक्षर मी ओळखले. तो माझ्या हाताखाली शिकून गेलेला मुलगा. चौथीत असताना त्याला वळणदार अक्षराचे बक्षीस मीच दिले होते. बापाने सांगितले असेल, पोराने लिहिले असेल. त्याला मी आजवर काही विचारलेले नाही. तो रस्त्यात भेटला की सलाम करतो, मी जवाब देते.

पण त्या मुलाकडे बोट दाखवण्याचा मला काय अधिकार? आमच्या घराच्या आत, न्हाणीघरापासून गॅलरीपर्यंत, खडूने एक रेघ मारलेली होती. खडू मी शाळेतून आणलेला. आपाने त्या रेघेच्या पलीकडून जायचे, कपडे बादलीत टाकायचे, अंघोळ करून गॅलरीतल्या खाटेवर पडायचे. तिचे ताट वेगळे, पेला वेगळा. अम्मीला साखर आणि ब्लडप्रेशर, त्यामुळे खबरदारी हवी होती, हे खरे. आपानेच ती शिकवली होती, हेही खरे. पण रेघ पुसट झाली की दर दोन दिवसांनी ती पुन्हा ठळक करायचे काम मी ज्या तत्परतेने करायचे, ती सगळीच खबरदारी नव्हती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते असे म्हणण्यापेक्षा रेघ ओढणे सोपे होते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा रेघेच्या अलीकडे बसून तिला गृहपाठ दाखवायचा. वही उंच धरून.

बाहेरही रेघा ओढल्या जातच होत्या. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कल्याण-डोंबिवलीत एक आदेश निघाला. मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांनी रोज ये-जा करू नये, तिकडेच राहावे. शहरात सापडणाऱ्या रुग्णांत मुंबईला जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते, ही प्रशासनाची अडचण खोटी नव्हती. ओरड झाल्यावर आदेश मागेही पडला. पण ते दोन-तीन दिवस आपाने बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, ३ मे रोजी, हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुले टाकली गेली होती. टीव्हीवर ती फुले बघून अम्मी म्हणाली होती, "फुले टाकतात ती कबरीवर." मी तिला गप्प केले.

अम्मीच्या डोक्यात कबर का आली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ३० मार्चला मुंबई महापालिकेने एक परिपत्रक काढले होते, की कोरोनाने दगावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. पण त्या रात्री अम्मीने गॅलरीच्या दाराशी उभी राहून आपाला विचारले, "तुला काही झाले तर तुला जाळतील का ग?" आपा म्हणाली, "अम्मी, मला काही होत नाही." लेकीने आईला एवढेच सांगायचे असते.

निजामुद्दीनच्या मरकजचे प्रकरण निघाले तेव्हा तर वॉर्डातसुद्धा हवा बदलली. कोणी तोंडावर काही बोलले असे नाही. पण एका रुग्णाने तिच्या छातीवरचे नाव वाचून औषधाची गोळी उलटसुलट करून पाहिली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असेही म्हटले. तोवर उन्हाळा संपून पावसाळाही निम्मा झाला होता. पीपीई किटमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून नर्सेस मार्करने पाठीवर-छातीवर नाव लिहीत. आपा नावाऐवजी 'ताई' लिहू लागली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "लहान आहे, लिहायला सोपे." पुढे वॉर्डात सगळे तिला ताईच म्हणू लागले, आणि मला वाटते तिला ते आवडलेही. माणसाचे असेच असते. एका जखमेवर दुसऱ्या कोणाचा हात पडतो आणि त्याला पत्ताही नसतो.

त्या वर्षीचा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला होता. किट एकदा चढवले की सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूमला जाणे नाही. आतून घामाने कपडे पिळून काढण्यासारखे. आपा सांगायची, तिच्याबरोबरची एक मालवणची सिस्टर म्हणाली होती, "यंदा आम्हा सगळ्यांचेच रोजे गो." आम्ही खूप हसलो. त्या काळातली आपाची एवढीच एक गोष्ट मला आठवते, जी तिने आपणहून सांगितली.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली आणि आम्हा शिक्षकांनाही घरोघर फिरावे लागले. दूधनाक्याच्या गल्ल्यांतून मी आणि एक आशाताई, गळ्यात ऑक्सिमीटर, हातात ताप मोजायची बंदूक. काही घरे दार उघडायची, काही आतूनच "सब खैरियत है" म्हणायची. त्या आशाताईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्यांनी तो सुतळीने बांधला होता. पुढे १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा मला ती सुतळी आठवली. आमच्या फॉर्मवर ताप, खोकला, दम, साखर, ब्लडप्रेशर, किडनी असे सगळे विचारलेले होते. झोप येते का, असा रकाना नव्हता. तेव्हा मला तो सुचलाही नाही. आशाताईंना मी विचारले नाही. घरी गॅलरीत कूस बदलणाऱ्या बहिणीलाही विचारले नाही. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. दमन, विस्थापन, संरक्षण यंत्रणा, प्रत्येकी एक उदाहरण द्या. द्यायची मी.

मग दुसरी लाट आली. एप्रिल २०२१, पुन्हा रमजान. २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक माणसे गेली. २३ ला विरारच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाला आग लागली. २८ च्या पहाटे मुंब्र्यात एका खासगी हॉस्पिटलात आग लागली आणि चार रुग्ण दगावले. पंधराव्या रोज्याची सहरी करताना आमच्या मोबाइलवर ती बातमी आली. आपा रात्रपाळीला होती. अम्मी खजूर हातात धरून बसली, तोंडात घातला नाही. सकाळी आपा आली ती रेघेपाशी न थांबता सरळ आत आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. दोन्ही लसी झालेल्या होत्या, रेघ तोवर नावापुरतीच उरली होती. तरी मी मागे सरकले.

वॉर्डात तिच्याकडे आणखी एक काम आले होते. नातेवाइकांना आत सोडत नसत, म्हणून ड्युटीवरच्या नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल रुग्णाच्या तोंडासमोर धरायचा आणि घरच्यांशी बोलणे करून द्यायचे. आपाचा आवाज मऊ, मराठी स्वच्छ, म्हणून हे काम बहुतेक वेळा तिच्याकडे यायचे. कोणी पुण्याहून, कोणी दुबईहून, कोणी खाली फुटपाथवरून बोलायचे. दिवसात किती वेळा, ते तिने मोजले नव्हते. त्या सकाळी ओट्याला टेकून ती म्हणाली, "सतरा नंबर गेले. डोंबिवलीचे होते. त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, ताई, बाबांच्या कानात रामाचे नाव घ्या. मी घेतले." मग ती पुढे काही सांगणार होती. तोंड उघडे होते. माझ्या मोबाइलवर नववीच्या मुलांचा ऑनलाइन तास सुरू व्हायला चार मिनिटे होती. मी म्हटले, "आपा, सब्र कर. तू सवाबाचेच काम केलेस." ती म्हणाली, "हो." आणि न्हाणीघरात गेली.

मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढला, की तिच्या मनाला ते रामनाम लागले आहे. चूक केली की काय, अशी टोचणी आहे. पुढच्या महिन्यात केरळची बातमी आली. पालक्काड जिल्ह्यात एका हिंदू डॉक्टरबाईंनी मरणाऱ्या मुसलमान रुग्णाच्या कानात कलमा म्हटला होता. मी ते कात्रण जपून ठेवले, तिला वाचून दाखवले, म्हटले, "बघ, तुझ्यासारखेच आहे." तिने ऐकून घेतले. पुढे मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनाही भीत भीत विचारले. ते भले माणूस. म्हणाले, तिच्या नियतीकडे बघा, अल्लाह नियत बघतो. हेही येऊन मी तिला सांगितले. तिने तेही ऐकून घेतले. मला वाटले, मी तिचे ओझे उतरवते आहे.

लाट ओसरली. आपाला 'कोरोना योद्धा' म्हणून एक प्रमाणपत्र मिळाले, भाच्याने ते लॅमिनेट करून आणले. योद्धा या शब्दाविषयी माझे मत तेव्हापासून वाईट झाले आहे. योद्ध्याने घाबरायचे नसते आणि रडायचे तर नसतेच. आमच्या घरात सब्र या शब्दानेही तेच केले. एकीकडून सरकारी शब्द, एकीकडून दीनचा शब्द, आणि मधे ती. ती रडत नव्हती, हेच आम्ही चांगले लक्षण समजत होतो. रात्री तीनला उठून भांडी घासायची. हात इतके धुवायची की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. ईदला नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल आला की उठून संडासात जाऊन बसायची. एकदा मुलाने ताटात भात टाकला म्हणून तिने त्याला मारले. आयुष्यात पहिल्यांदा. मग रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिली. आम्ही म्हणायचो, दमली आहे.

हे तिच्या एकटीचे नव्हते, हे मला पुढे वाचनातून कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर एक लाख पंधरा हजारांच्या आसपास आरोग्य कर्मचारी कोरोनाने गेले. जे गेले त्यांची निदान गणती झाली. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन या आकस्मिक विभागाच्या प्रमुख. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. उपचार घेतले तर डॉक्टरकीच्या परवान्यावर गदा येईल, अशी भीती त्यांना होती, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. मार्च २०२२ मध्ये तिकडे त्यांच्या नावाने कायदा झाला. अमेरिकेतल्या मोठ्या डॉक्टरला जी लाज, तीच कल्याणच्या नर्सला. आणि तिच्या नर्सपणाइतकीच तिच्या घरालाही. मुलाच्या लग्नाच्या वेळी कोणी काढले तर? हे मी आपल्या मनात म्हटले होते, लिहिताना लपवत नाही. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आपा भाजी निवडत होती. ती हसू लागली. आधी आम्हीही हसलो. मग तिचे हसणे थांबेना, आणि ते हसणे नाही हे सर्वांत आधी अम्मीला कळले. अम्मी उठली, तिचे डोके मांडीवर घेतले. मी सवयीने म्हटले, "आपा, सब्र..." तेव्हा अम्मीने माझ्याकडे असे पाहिले, की तिसरीत असताना कुराणशरीफ पायापाशी ठेवले होते तेव्हा पाहिले होते. म्हणाली, "याकूब अलैहिस्सलामांचे डोळे रडून रडून गेले होते. त्यांना कोणी बेसब्र म्हटले का?"

मी उर्दू शाळेत वीस वेळा युसूफ अलैहिस्सलामांची गोष्ट सांगितली आहे. विहीर, सदरा, मिसरचा बाजार, स्वप्नाचा अर्थ. बापाचे डोळे मी एका वाक्यात उरकत असे.

त्या रात्री मी आणखीही आठवत बसले. हजरत उमर शामच्या वाटेवरून प्लेगची खबर ऐकून परत फिरले होते. त्यांना त्याबद्दल विचारणारे हजरत अबू उबैदा तिथेच राहिले आणि अमवासच्या त्या प्लेगमध्ये गेले. दोघांपैकी कोणाच्याही ईमानाबद्दल आपण शंका घेत नाही. आणि बल्खचे अबू जैद, हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचे. शरीर जसे आजारी पडते तसे मनही आजारी पडते आणि दोन्हींचा इलाज करायचा असतो, हे त्यांनी एकाच ग्रंथात मांडून ठेवले. हा आपला वारसा आहे म्हणून आपण जलशांत भाषणे करतो, आणि घरातले माणूस झोपत नाही तेव्हा पाणी दम करून आणतो. पाणी दम करण्याला माझा विरोध नाही. आम्हीही आणले होते. आपाने ते अदबीने प्यायले.

जूनमध्ये आम्ही ठाण्याला गेलो. 'ठाण्याला पाठवा याला' हा विनोद महाराष्ट्रात कोणी केला नाही? स्टाफरूममध्ये मीही केला आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, राज्यातल्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक. आपानेच ते निवडले. म्हणाली, सरकारी नर्सला सरकारी दवाखान्याची भीती कसली. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "मेंटल हॉस्पिटल." रिक्षावाल्याने मीटर टाकला. बस, एवढेच झाले.

केसपेपर काढला. बाकावर आमच्या बाजूला एक पोलीस हवालदाराची बायको होती, एक कॉलेजचा मुलगा होता, एक आजोबा डबा उघडून पोळीभाजी खात होते. डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी आपाला पहिला प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?" आपा काही बोलेना. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. मला बाहेर बसायला सांगितले. पाऊण तासाने आपा बाहेर आली, हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची तारीख. मी काही विचारले नाही. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबरही त्यांनी लिहून दिला होता. तो २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येते. आपाने तो आमच्या फ्रिजवर दूधवाल्याच्या नंबरखाली लावला आहे. पाहुण्यांच्या नजरेला पडतो. पडू दे म्हणते.

तिसऱ्या खेपेची गोष्ट. परत येताना ठाणे स्टेशनावर आम्ही वडापाव घेतला. पाऊस होता, गाड्या उशिरा धावत होत्या, फलाटावर ही गर्दी. आपाने अर्धा पाव खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून हातात धरला. म्हणाली, "सतरा नंबर जेवले नव्हते."

मला क्षणभर कळले नाही.

"त्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलीने विचारले, ताई, बाबा जेवले का? मी म्हटले, हो, जेवले, बरे आहेत. मी त्यांचे ताट उघडलेच नव्हते. चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. ताट तसेच झाकलेले. रात्री त्यांना नेल्यावर मी ते उचलले. वरणभात होता. रामाचे नाव घ्यायला मला काय ग, मी घेतले. पण ती मुलगी मला शेवटी म्हणाली, ताई, निदान बाबा जेवून गेले."

दोन वर्षे मी तिला केरळचे कात्रण वाचून दाखवत होते.

कसारा लोकल आली. लोक उतरले, चढले. कल्याणला ती थांबणार होती. आम्ही ती जाऊ दिली, आणि मी विचारले, "आणखी कोण कोण होते, आपा?" तिने कागदातला पाव पुन्हा उघडला आणि बारा नंबरपासून सांगायला सुरुवात केली.